दसऱ्यापासूनची काजळी

सात महिन्यांची गरोदर पोर प्लास्टिकच्या स्टुलावर उभी राहून स्वयंपाकघराची भिंत घासत होती. नागुबाईने दारातून ते पाहिलं आणि हातातली पिशवी तिथंच सोडून दिली. उद्याच्या डोहाळेजेवणासाठी आणलेला हिरवा खण, खोबऱ्याच्या वाट्या, सुपाऱ्या, सगळं फरशीवर घरंगळलं.

"खाली उतर."

"माय, एवढा एक कोपरा राहिलाय..."

"उतर म्हणले न्हाई का तुला."

ऋतुजा भिंतीला हात टेकत सावकाश उतरली. कोपरापर्यंत तिचे हात काळे झाले होते. बादलीतलं पाणी शाईसारखं दिसत होतं आणि भिंतीवर जिथं ओला फडका फिरला होता तिथं काळे ओघळ उतरले होते.

"आलात का, विहीणबाई?" आतल्या खोलीतून लक्ष्मीबाई आल्या. ऋतुजाच्या सासूबाई. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. "उद्या पन्नास बायका येतील. त्यांना हे असं घर दाखवायचं का? म्हटलं, जरा हात फिरव. आम्ही तर नवव्या महिन्यात दळणं केली."

नागुबाईच्या तोंडाशी आलेलं उत्तर तिने गिळलं. मुलीच्या आईने व्याह्यांच्या घरी आवाज चढवायचा नाही, नातवंड होईस्तोवर तिथलं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हे तिच्या आईने तिला शिकवलं होतं आणि इतरांच्या आयांनी इतरांना. लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारात कुणाला सांगितलं असतं की नागुबाईने उत्तर गिळलं, तर कुणी विश्वास ठेवला नसता.

तिथं तिचं शेगडीदुरुस्तीचं दुकान होतं. नवरा अण्णाराव आधी रॉकेलचे स्टोव्ह दुरुस्त करायचा, मग गॅसच्या शेगड्या. पंधरा वर्षं ती त्याच्या शेजारी बसून पाने, पकडी हातात देत होती आणि बघत होती. अकरा वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त होऊन तो गेला. पंधराव्या दिवशी तिने दुकानाचं शटर वर केलं. पहिल्याच गिऱ्हाइकाने शेगडी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, कुणी माहितगार असेल तर बोलवा. नागुबाई म्हणाली, "माहितगारच बोलून राहिलंय तुमच्यासंगं. ठेवायची तर ठेवा, न्हाईतर उचला." त्याने ठेवली. त्या शेगड्यांवर तिने ऋतुजाला लातूरला ठेवून फार्मसी शिकवली. मागच्या मे महिन्यात तिला इथं नांदेडला दिली. घर शिकलेलं. सासरे दयानंदराव निवृत्त मास्तर, नवरा सर्वेश विमा कंपनीत. पोर स्वतः औषधाच्या दुकानात नोकरी करत होती. नागुबाईला वाटलं होतं, सुटली पोर धुरातून.

आता तिने मान वर करून छताकडे पाहिलं. ओट्याच्या वर मधोमध काळा धब्बा, कडेला पसरत गेलेला. ट्यूबलाइटची नळी दोन्ही टोकांना धुरकटलेली. कोपऱ्यातली जळमटं एरवी दिसतसुद्धा नाहीत, ती काळ्या दोऱ्यांसारखी लोंबत होती. साखरेच्या डब्याच्या झाकणावर तिने बोट फिरवलं. बोट काळं.

"कवापासून हाय हे?"

"दसऱ्यापासून," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "हिने नोकरी सोडली, स्वयंपाकघर हातात घेतलं, तेव्हापासून. मी अठ्ठावीस वर्षं इथं रांधलं, भिंतीला डाग नव्हता. एकेकीचा हात असतो, काय करणार? आम्हाला वाटलं होतं, शेगडीवालीची पोर आहे, ज्योत कमी-जास्त करणं तरी कळत असेल."

ऋतुजाने बादली उचलायला हात घातला. नागुबाईने ती तिच्या हातातून काढून घेतली आणि तिला धरून बाहेर गॅलरीत नेलं.

"रोज घासून राहिलीस का तू हे?"

"रविवारी." ऋतुजा कठड्याला टेकली. "माय, तू काही बोलू नको त्यांना. मला भिंतीचं काही नाही. माझं डोकंच फार दुखतं."

"कधी?"

"सकाळी उठते तेव्हा बरी असते. स्वयंपाकाला लागले की अकरापर्यंत कपाळ धरतं. मळमळतं. परवा चक्कर आली, ओट्याला धरून उभी राहिले. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्यात."

"आणि बाहेर गेल्यावर?"

"गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले की उतरतं." तिने एक लांब श्वास घेतला. "आतासुद्धा बघ, हलकं वाटतंय."

नागुबाईला आठवलं, मुरुडजवळच्या एका वस्तीवर, एका थंडीत, बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून निजलेले नवरा-बायको लोकांनी बाहेर काढले, तेव्हा ती तिथं होती. चेहरे गाढ झोपेत असल्यासारखे. ज्योतीला वारा पुरला नाही की दोन गोष्टी होतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दिसते ती काजळी भिंतीवर बसते. दुसरी दिसत नाही, तिला वासही नाही, ती माणसाच्या छातीत जाते. इथं तर एका छातीवर दोन जीव होते.

ती परत आत गेली तेव्हा तिला खण, ओटी, पन्नास बायका, काही आठवत नव्हतं. तिने खोलीचा वारा शोधायला सुरुवात केली. ओट्यासमोरची खिडकी बंद, फटींना कागद चिकटवलेला. खिडकीवरची सिमेंटची जाळी पुठ्ठ्याने बंद, त्यावर खाकी टेप. एक्झॉस्ट पंख्याच्या गोल भोकात थर्माकोल बसवलेलं आणि त्याला वरून सोनेरी कागद लावून फूल काढलेलं. छताच्या पंख्याचं बटण टेप लावून बंद केलेलं. आणि ओट्याच्या शेजारी, भिंतीतल्या देवघरात, एक समई जळत होती. वात बोटाएवढी जाड. ज्योतीच्या टोकाला धुराची शेपटी.

"हे कुणी बंद केलं?"

"मी," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "नवरात्राचा अखंड दिवा. वाऱ्याने जाऊ नये म्हणून दरवर्षी नऊ दिवस बंद करतो. यंदा पाचव्या माळेला हिची बातमी कळली, तेव्हा माहूरच्या देवीला बोलले, नातवाचं तोंड दिसेपर्यंत दिवा विझू देणार नाही म्हणून. तुमच्याच पोरीसाठी आहे तो."

"म्हंजे साडेचार महिने झाले ह्या खोलीत वाऱ्याची झुळूक न्हाई."

"वारा आला तर दिवा जाईल."

"विहीणबाई," नागुबाई म्हणाली, आणि तिचा आवाज तिला हवा होता त्याहून चढला, "ज्याच्यासाठी दिवा लावलाय, त्याच्याच वाटचा वारा बंद केलाय तुम्ही."

लक्ष्मीबाईंचा चेहरा ताठरला. "देवाच्या दिव्याने कुणाचं वाईट होत नसतं. स्वतःच्या पोरीचा हात नीट नाही, ते बोला की."

पुढच्या खोलीत वर्तमानपत्र खाली झालं. "अहो, काय चाललंय हे?" दयानंदराव म्हणाले. "उद्याचा कार्यक्रम होऊन जाऊ द्या. मग बघू सावकाश."

या माणसाचा नागुबाईला सगळ्यात जास्त राग आला. विहीण तरी देवीच्या भयाने अडलेली होती. हे गृहस्थ तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवत होते. लग्नाच्या बैठकीत त्यांनीच हसत हसत सांगितलं होतं की पोरांना ते मेणबत्तीवर ग्लास उपडा घालून दाखवायचे, वारा संपला की ज्योत कशी मरते ते. आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या सुनेवर हा असा ग्लास उपडा घातला होता. ते सकाळी वाचनालयात जायचे, दुपारी जेवायला यायचे, आणि वर बघायचे नाहीत.

"गुरुजी," ती म्हणाली, "उद्या मी पोरीची माय. उद्या मला खाली बसवा, पाटावर बसवा, बोलू नको म्हणा, न्हाई बोलणार. आज मी शेगडीवाली म्हणून आलेय. घरी आलेल्या मिस्त्रीला शेगडी दाखवतात, तशी मला दाखवा."

कुणी हो म्हणायची तिने वाट पाहिली नाही. ऋतुजाला तिने गॅलरीतच खुर्चीवर बसवलं. मांडणीवरच्या दोन स्टीलच्या ताटल्या घासून, पुसून घेतल्या. एक समईच्या ज्योतीवर वीतभर उंच धरली. सावकाश वीस आकडे मोजले. दुसरी शेगडी पेटवून तिच्यावर धरली. शेगडीची ज्योत निळी असायला हवी, ही टोकाला पिवळी होऊन लवलवत होती. दोन्ही ताटल्या तिने उलट्या करून ओट्यावर ठेवल्या. दोन्हींच्या बुडाला काळी गोल टिकली. शेगडीच्या ताटलीची मोठी.

"हात कुणाचाबी असू द्या," ती म्हणाली. "ही ताटली तर मी धरली होती."

मग तिने सिलिंडर बंद केला, शेगडी उलटी केली आणि पिशवीतून कायम जवळ असणारा पाना काढला. शेगडी तिनेच रुखवतात दिलेली. दसऱ्यापर्यंत ती खोक्यात होती. दसऱ्याला नव्या वस्तूची पूजा करतात, तशी तिची पूजा झाली आणि मग वापरायला काढली. म्हणजे एकाच आठवड्यात तीन गोष्टी घडल्या होत्या. वारा बंद झाला, नवी शेगडी पेटली, आणि ऋतुजा ओट्यापाशी उभी राहिली. दोष द्यायला घराने या तिन्हींतली उलट न बोलणारी सून निवडली होती.

बर्नरच्या नळीत ज्वारीचं पीठ साचलं होतं, ते तिने ब्रशने काढलं. मग ज्यातून गॅस येतो ते पितळी जेट सोडवलं. हरभऱ्याएवढी वस्तू, मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. ते तिने उजेडात धरलं.

भोक मोठं होतं. कडेला पान्याची तिरकी खूण होती, आणि ती खूण तिच्याच पान्याची होती.

आता तिला आठवलं. नव्या शेगडीची ज्योत तिला मऊ वाटली होती. मऊ ज्योतीवर ज्वारीची भाकरी फुगत नाही, मधे कच्ची राहते, आणि सासरी पहिल्या दिवशी पोरीची भाकरी कच्ची निघाली तर काय ऐकावं लागतं हे तिला माहीत होतं. म्हणून तिने दोन्ही जेट काढून मोठ्या भोकाचे बसवले होते. मुरुडमध्ये ती सगळ्यांना तसंच करून द्यायची. बायका खूश असायच्या, नागुबाईची ज्योत म्हणजे दोन मिनिटांत भाकरी. पण तिथली स्वयंपाकघरं पत्र्याची, भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट. गॅस जास्त आला तर वाराही भरपूर होता. इथं गॅस जास्त आणि वारा नाहीच.

लक्ष्मीबाई दारात उभ्या होत्या. त्यांना जेटमधलं काही कळणार नव्हतं. पिशवीत बारीक भोकाचे नवे जेट होते, येताना लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात दुकानासाठी घेतलेले. जुनं मुठीत दाबून नवं बसवायला मिनिट लागलं नसतं. मग सगळा दोष त्या पुठ्ठ्यावर गेला असता, आणि नागुबाई ताठ मानेने मुरुडला गेली असती.

तिला स्वतःचा इतका संताप आला की तिने ते जेट ओट्यावर आपटलं.

"हे मी बसवलंय," ती म्हणाली. "भोक मोठं हाय. भाकरी लवकर व्हावी म्हणून. बंद खोलीत ह्याने ज्योत पिवळी पडते आणि काजळी धरते. चूक माझी हाय."

लक्ष्मीबाई हसल्या. "म्हणजे तुमच्याच घरून आली ही काजळी. आणि मघापासून आम्हाला शहाणपण शिकवताय."

"अर्धी. अर्धी माझ्या घरून आली. माझी अर्धी मी आता काढून राहिले." तिने नवे जेट बसवले, साबणाचं पाणी लावून कुठं बुडबुडा येतो का ते पाहिलं, सिलिंडर उघडून शेगडी पेटवली. ज्योत आखूड आणि निळी झाली, कडा अजून थरथरत होत्या. "तुमची अर्धी त्या भिंतीत हाय. ती तुम्ही काढा. मी माझं पन्नास बायकांसमोरबी कबूल करते, उद्या. आता तुम्ही सांगा. डोक्याला रुमाल का बांधलाय?"

"माझं बीपी आहे."

"कवापासून?"

उत्तर मागून आलं. दयानंदराव वर्तमानपत्र हातात तसंच धरून दारापर्यंत आले होते.

"दसऱ्यानंतर," ते म्हणाले. "गोळी दोनदा बदलली. उतरत नाही." ते ओट्यावरच्या दोन ताटल्यांकडे पाहत होते. "माझं नाही दुखत. सर्वेशचंही नाही."

"स्वयंपाक चालू असतो तवा तुम्ही दोघं बाहेर असता, गुरुजी."

त्यांनी वर्तमानपत्र फ्रीजवर ठेवलं. ज्या स्टुलावर सून उभी होती तो खिडकीखाली ओढला, त्यावर चढले आणि जाळीवरच्या टेपचं टोक नखाने सोडवू लागले.

"अहो, दिवा," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "अहो, ऐका तरी. दिवा जाईल."

पुठ्ठा फाटून हातात आला. मग त्यांनी ते सोनेरी फूल थर्माकोलसकट ओढलं. माघातला कोरडा गार वारा थेट आत शिरला, छतावरची काळी जळमटं हलली, आणि समईची ज्योत आडवी होऊन गेली. वातीतून धुराची एक रेघ निघाली आणि तीही वाऱ्याने मोडली.

लक्ष्मीबाई समईपाशी धावल्या. "विझला," त्या म्हणाल्या. मग नागुबाईकडे बोट केलं. "बाळाला काही झालं ना, तर तुमच्या डोक्यावर. मी सोडणार नाही."

"हाव. माझ्या डोक्यावर." नागुबाई रागाने म्हणाली. "देवीला सांगा, नागुबाईने विझवला, काय करायचं ते तिचं करा. पण पुठ्ठा पुन्हा लागला, तर पोरीला मी आजच्या गाडीने मुरुडला नेते. उद्या बायका आल्या तर त्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा."

"कुणी कुठं जात नाही," ऋतुजा म्हणाली. ती गॅलरीच्या दारात केव्हा येऊन उभी राहिली होती कुणाला कळलं नव्हतं. "आणि माय, मला न्यायचं की ठेवायचं हे तुम्ही दोघींनी ठरवू नका."

ती आत आली. समई उचलली. जाड वात काढून तेलात भिजलेली एक बारीक वात ठेवली, दिव्याच्या स्वस्त तेलाऐवजी फडताळातलं तिळाचं तेल घातलं, आणि समई घेऊन पुढच्या खोलीत गेली. तिथं कपाटाच्या आडोशाला, भिंतीच्या कोनाड्यात, तिने काडी ओढली.

"आई," ती सासूला म्हणाली, "इथं वारा लागत नाही. इथं ठेवू. पुन्हा गेला तर पुन्हा लावीन. मी घरातच आहे."

लक्ष्मीबाई त्या दिवशी तिच्याशी किंवा नागुबाईशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी सर्वेश आला, त्याला सगळं ऋतुजानेच सांगितलं. तो तिला घेऊन डॉक्टरांकडे गेला आणि या वेळी शेगडीचं, बंद खोलीचंही सांगितलं. डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं, बाळाचे ठोके पाहिले, ते ठीक होते. आधी का नाही सांगितलं म्हणून ते सर्वेशवर रागावले. सर्वेश घरी येऊन ते आईला सांगत होता तेव्हा नागुबाई ओट्यापाशी उभी राहून उद्यासाठी पुरणाची डाळ निवडत होती, आणि तिने मान वर केली नाही. तिला समाधान झालं नव्हतं. तिला फक्त थोडा कमी राग येत होता.

डोहाळेजेवण झालं. भिंत अर्धी काळी, अर्धी घासलेली तशीच होती. दोन बायकांनी विचारलं, नागुबाईने शेगडीचं स्वतःचं सांगितलं, बाकीचं सांगायचं विहिणीवर सोडलं. विहीण म्हणाली, एक्झॉस्ट पंखा नवा बसवायचाय. चौथ्या दिवशी ऋतुजाचा मुरुडला फोन आला. डोकं दुखत नव्हतं. सासूबाईंचंही उतरलं होतं. त्या म्हणत होत्या, गोळी तिसऱ्यांदा बदलली ना, ती लागू पडली.

"गोळी," नागुबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

ती त्या वेळी मुरुडमध्ये एका घराच्या पायरीवर बसली होती. नांदेडहून आल्यापासून दुकान दुपारीच बंद होत होतं. जिथं जिथं तिने मोठे जेट बसवले होते, त्या घरी ती जात होती. पत्र्याची घरं बरीचशी गेली होती. कुणी स्लॅब टाकला होता, कुणी सरकत्या काचा बसवल्या होत्या, कुणी डासांसाठी जाळीवर प्लास्टिक मारलं होतं. अकरा वर्षांत किती घरं, ती कुठं लिहून ठेवली नव्हती, याचा तिला आता रोज राग यायचा. चेहरे आठवून आठवून ती दारं वाजवत होती.

या घरातली धोंडाबाई दार अडवून उभी होती. स्लॅबचं नवं घर, आत सून भाकऱ्या थापत होती, तिच्या मागच्या भिंतीवर करडी सावली धरायला लागली होती.

"तू काल धुरपतीचं जेट बदललंस," धोंडाबाई म्हणाली. "ती म्हणते, ज्योत बारीक झाली, भाकरीला वेळ लागून राहिलाय. आमची चांगली चालू हाय. चांगल्या शेगडीला कशाला हात लावतेस?"

"चांगली न्हाई ती. मीच बिघडवली होती."

"तवा तर लई कौतुक सांगितलं होतंस."

"हाव, सांगितलं होतं."

"मग आता?"

"आता खिडकी उघडा आणि मला आत येऊ द्या."

"न्हाई उघडत. माणसं शेतातनं येतील, त्यांना भाकऱ्या हव्यात."

नागुबाईने पिशवी मांडीवर घेतली, पाना बाहेर काढून शेजारी पायरीवर ठेवला आणि पाठ दाराच्या चौकटीला टेकली.

"करा भाकऱ्या," ती म्हणाली. "शेगडी गार झाली की सांगा. तोवर मी इथून उठत न्हाई."